लिव्हरपूलला गेलेल्या जोएलला

प्रिय जोएल,

लिव्हरपूलच्या फुटबॉल सामन्यांचं वेळापत्रक फोनमध्ये टाकलंस, छान केलंस. आता त्याच कॅलेंडरमध्ये दर आठवड्याचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली आपली उपासना, टाक, आणि यापुढे तिकीट काढताना आधी त्याच्याकडे बघ. मिस्सा उरलेल्या वेळेत बसवायला गेलं तर बसत नाही, कारण प्रीमियर लीग वेळ उरूच देत नाही. शनिवारी साडेबारा, तीन, साडेपाच. रविवारी दोन, साडेचार. मध्येच सोमवारी रात्री आठ. जूनमध्ये यादी जाहीर होते तेव्हा बहुतेक सामने शनिवारी तीनला दिसतात. पुढे टीव्हीवाले आपापले सामने निवडतात आणि वार-वेळा हलतात. म्हणून "सामना शनिवारी, रविवार मोकळा" असं जूनमध्ये धरून चालू नकोस. टीव्हीची निवड जाहीर झाली की पुन्हा बघ, ट्रेनचं तिकीट त्यानंतर काढ.

शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारच्या कर्तव्यात धरला जातो, हे तुला ठाऊक आहे. तो वापरायचा कधी, तेवढं नीट ठरव. रविवारी दोनला बाहेरगावी सामना असेल तर पहाटे निघावं लागतं, अशा वेळी शनिवारची संध्याकाळच बरी. पण शनिवारी तीनला ॲनफील्डवर, लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, सामना असेल तर त्या दिवशीच्या सहाच्या मिस्साचा भरवसा धरू नकोस. पंचेचाळीस, पंधरा, पंचेचाळीस आणि वर वाढीव मिनिटं, म्हणजे पंच्याण्णवाव्या मिनिटाला शिट्टी वाजेपर्यंत पाच वाजतात. साठ हजारांवर माणसं एकदम बाहेर पडली की बस जागची हलत नाही. धापा टाकत बायबलची वाचनं संपल्यावर शेवटच्या बाकावर टेकायचं, त्यापेक्षा रविवारी सकाळी शांतपणे जा.

आणखी एक हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. कम्युनियनआधीचा, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेण्याआधीचा, एक तासाचा उपवास कम्युनियन घ्यायच्या क्षणापासून मागे मोजायचा असतो, मिस्सा सुरू होण्यापासून नाही. पाणी आणि औषध चालतं. सामन्यानंतरची बिअर मात्र त्या तासात मोडते.

शुक्रवारचं तर तिथे आपल्यापेक्षा कडक आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी १६ सप्टेंबर २०११ पासून वर्षभराच्या दर शुक्रवारी मांस वर्ज्य ठेवलं आहे, नुसतं ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात नाही. शुक्रवारी रात्रीचा सामना असला की मैदानावरच्या टपरीत पहिली हाताला लागते ती मांस भरून भाजलेली पेस्ट्री, तिथली 'पाय'. चीज-कांद्याची मिळते का ते विचार, नाहीतर घरून खाऊन जा. प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तर दोन्ही पाळायचं, मांस नाही आणि उपवासही. अठरा ते एकोणसाठ वयापर्यंत एक पूर्ण जेवण आणि दोन छोटी खाणी, तीही मिळून एका जेवणाएवढी होऊ द्यायची नाहीत. चॅम्पियन्स लीगची बाद फेरी नेमकी त्याच आठवड्यांत येते आणि सामना रात्री आठला असतो. त्या बुधवारी पूर्ण जेवण सहाच्या आत उरक. ते सामन्यानंतर साडेदहावर ढकललं की भूक लागते, भुकेनं चीड येते, आणि मध्यंतरात हात आपोआप पाकिटाकडे जातो. गुड फ्रायडेचंही सांगते. खालच्या विभागांत त्या दिवशी सामने असतात आणि बरेचसे दुपारी तीनला सुरू होतात, आपल्या विधीच्याच घटकेला. मर्सी नदीपलीकडे ट्रॅनमिअर संघाच्या सामन्याला चल म्हणून कोणी बोलावलं तर पुढच्या शनिवारी येतो म्हण.

हे सगळं वेळेचं झालं. तोंडाचं सांभाळणं त्याहून अवघड.

तुझ्या शहरात होप स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या एका टोकाला आपलं कॅथलिक कॅथेड्रल, दुसऱ्या टोकाला अँग्लिकन. पहिल्याच महिन्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून ये, आणि चालताना पुढची गोष्ट आठव. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलचे चाहते चेंगरले. मृतांचा आकडा आज ९७ आहे. शेवटचा माणूस त्या दिवशीच्या जखमांनी २०२१ मध्ये गेला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आपल्या कॅथेड्रलमध्ये मृतांसाठी मिस्सा झाला. तेव्हा तिथले आपले आर्चबिशप डेरेक वॉरलॉक आणि अँग्लिकन बिशप डेव्हिड शेपर्ड अनेक वर्षं खांद्याला खांदा लावून काम करत होते. शेपर्ड म्हणजे तेच, इंग्लंडकडून कसोटी क्रिकेट खेळलेले. दोष चाहत्यांचाच असं बरीच वर्षं बोललं गेलं. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की ही माणसं बेकायदा कृत्यामुळे मेली आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यात वाटा नव्हता.

हे तुला माहीत असायलाच हवं, कारण काही प्रतिस्पर्धी चाहते या मृत्यूंवरून टोमणे गातात. आणि आपल्या बाजूचे काही जण मँचेस्टर युनायटेडच्या सामन्यात म्युनिकवरून गातात. ६ फेब्रुवारी १९५८ ला युनायटेडचं विमान म्युनिकहून उडताना कोसळलं. २३ जण गेले, त्यांत आठ खेळाडू होते. जोएल, ६ फेब्रुवारी म्हणजे आपल्या संत गोन्सालो गार्सियांचा सण. वसईत जन्मलेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण पत्करलेला हुतात्मा. ज्या तारखेला आपण त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतो, त्याच तारखेला मँचेस्टरमध्ये लोक मान खाली घालून उभे असतात. ते गाणं तुझ्या तोंडून निघता कामा नये, टाळीसुद्धा नको. एकाच तोंडातून स्तुती आणि शाप निघू नयेत असं याकोबाने तिसऱ्या अध्यायात लिहिलंय, ते स्टँडमध्येही लागू आहे. सूर सुरू झाला की खाली बस किंवा पाणी प्यायला आत जा. शेजारी ओळखीचा असेल तर "नको" एवढंच म्हण, वाद घालू नकोस. अशा गाण्यांवरून तिथे लोकांना शिक्षा झाल्या आहेत आणि मैदानबंदी लागली तर ती किमान तीन वर्षांची असते. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस हेही विसरू नकोस.

शहरातल्या दुसऱ्या संघाच्या, एव्हर्टनच्या, चाहत्यांशी खुशाल भांड, पण त्यांचा इतिहास माहीत असू दे. १८७८ मध्ये सेंट डोमिंगो या मेथॉडिस्ट चॅपलच्या मुलांनी तो संघ काढला आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव एव्हर्टन झालं. १८८४ पासून संघ ॲनफील्डवरच खेळायचा. १८९२ मध्ये जॉन हौल्डिंग या मैदानाच्या, बिअर बनवणाऱ्या मालकाशी बिनसलं, आणि चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारे जॉर्ज महोन यांच्या पुढाकाराने मंडळी गुडिसन पार्कला गेली. रिकाम्या ॲनफील्डसाठी हौल्डिंगने नवा संघ उभा केला, तोच तुझा लिव्हरपूल. गुडिसनच्या कोपऱ्यात सेंट ल्यूक्स चर्च स्टँडला चिकटून उभं आहे. जाऊन बघ.

पैशाचं थोडक्यात. पाच सामन्यांचे निकाल एकत्र लावायची पैज अजिबात लावू नकोस. प्रत्येक अंदाज बरोबर यायची शक्यता साठ टक्के धर, पाचही बरोबर यायची शक्यता आठ टक्क्यांहून कमी उरते. शंभरातल्या ब्याण्णव पावत्या कचऱ्यात जातात. धर्मशिक्षण जुगाराला सरसकट पाप म्हणत नाही, पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचा पैसा त्यात गेला की ते चूक आहे आणि त्याचं वेड माणसाला गुलाम करतं, असं स्पष्ट म्हणतं. तुझ्याकडचा सगळाच पैसा गरजेचा आहे.

पैजेत घालायचे पाच पौंड दुसरीकडे घाल. एव्हर्टन आणि लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मिळून २०१५ मध्ये 'फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स' सुरू केलं. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर ते अन्न गोळा करतात. ओढून उघडता येणारे डबे, पास्ता, टिकाऊ दूध, सॅनिटरी पॅड, साबण दे. ताजं काही नेऊ नकोस, साठवता येत नाही. घडी होणाऱ्या पिशवीतून ने आणि आत शिरण्याआधी देऊन टाक, कारण मोठी पिशवी गेटवर अडवतात.

प्रार्थना कशासाठी करायची, हा प्रश्न तू लहानपणापासून विचारतोस. गोलसाठी करू नये असं माझं ठाम मत आहे. समोरच्या स्टँडमध्येही कोणीतरी तोच क्रूस काढत असतो. कोणी जायबंदी होऊ नये, रेफरीला नीट दिसावं, हरलो तर घरी परतताना तोंडात कडवटपणा नसावा, हे माग. आणि तिकीट नसलेल्या दिवशी अभ्यास व्हावा, हेही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री एकला तिथली घड्याळं तासभर पुढे जातात. २०२६ मध्ये तो नेमका ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार आहे. फोन आपोआप बदलेल, भिंतीवरचं घड्याळ तू झोपण्याआधी बदल, नाहीतर झावळ्यांची मिरवणूक हुकेल. त्या दिवसापासून तुझा तीनचा सामना आमच्याकडे साडेसातला लागेल. फोन साडेनऊनंतर कर.

तुझी आई