दोष शिशाचा नाही, मापाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या नेमबाजीवरच्या लेखात म्हटलं आहे की घरी ओतलेली शिशाची गोळी रिव्हॉल्व्हरमधून नेमकी लागूच शकत नाही, त्याला कारखान्याचीच गोळी हवी. वाचून राहवलं नाही. मी नागपूरच्या इतवारीतल्या एका छापखान्यात ३१ वर्षं टाइप, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, ओतले. वर्तमानपत्रं या अक्षरांवर, आमच्या भाषेत खिळ्यांवर, छापली जायची त्या काळातला मी माणूस. ओतलेल्या शिशावर असा सरसकट ठपका मला पटत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस-गोळी बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच असावा असं माझं मत आहे. मी सांगतो ते अमेरिकेतलं. माझा मुलगा ओहायोत असतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर राहतात. ते आपल्या गॅरेजात स्वतःच्या रिव्हॉल्व्हरसाठी गोळ्या ओततात. तिथे हा सर्रास चालणारा छंद आहे. एका हिवाळ्यात दोन महिने मी तिथे होतो आणि बहुतेक दुपारी त्यांच्याकडेच बसायचो. तापलेलं भांडं, वर येणारी मळी, पळी, साचा, सगळं ओळखीचं. मला इंग्रजी जेमतेम येतं, पण त्यावाचून काही अडलं नाही.

टाइपाचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. नुसतं शिसं मऊ, नखानं ओरखडा उठतो, आणि थंड होताना आक्रसतं. अँटिमनीनं त्याला कडकपणा येतो आणि आक्रसणं कमी होतं. कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. लायनोटाइप म्हणजे अक्षरांची अख्खी ओळ एकसंध ओतणारं यंत्र. त्याच्या धातूत शंभरात साधारण ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, हा धातू २४० च्या आसपासच. छापखाने बंद पडले तसे तिकडचे गोळ्या ओतणारे हा धातू शोधत हिंडू लागले. मास्तरांच्या फळीवर लायनोच्या जुन्या ओळी रचलेल्या पाहिल्या तेव्हा मी त्या हातात घेऊन उलट्या अक्षरांवरून बोट फिरवत बसलो होतो.

त्यांचं रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशल काडतुसाचं, गोळी १५८ ग्रेनची, म्हणजे साधारण दहा ग्रॅमची. पहिल्या दिवशीच्या गोळ्यांना सुरकुत्या होत्या, कारण साचा थंड होता. आमच्याकडेही सुरुवातीचे खिळे परत कढईतच जायचे. मग बुडाकडे पाहिलं. गोळीचं बूड नळीतून सगळ्यांत शेवटी बाहेर पडतं. त्याची कड एका बाजूनं अर्धवट भरलेली असेल तर मागचा वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला तिरकं ढकलतो. अशा गोळ्या काढून टाकल्या. प्रत्येकीचं वजन केलं आणि हलक्या भरल्या त्याही काढल्या, कारण त्यांच्या पोटात हवेची पोकळी असते.

तरीही २५ यार्डांवर सहा गोळ्या पाच इंचांत विखुरल्या, आणि नळीत शिशाचे पापुद्रे धरले. मी सुचवलं की धातू कडक करा, निव्वळ लायनो वापरा. मला त्या धातूचा अभिमान होता. पण ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा घोळका, आणखी पसरला आणि पापुद्रे वाढले.

तेव्हा मायक्रोमीटर काढला. आमच्या धंद्यात टाइपाची उंची ०.९१८ इंच. त्यात हजारांश दोन हजारांश इंचाचा फरक पडला की छपाईत ते अक्षर फिकं उठतं किंवा कागदात रुततं. इथेही तेच निघालं. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी थेट नळीतून सुटत नाही. ती आधी काडतुसांच्या फिरत्या चक्रातल्या घराच्या तोंडातून निघते, बारीक फट ओलांडते, नळीच्या मागच्या निमुळत्या तोंडात शिरते आणि मग आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, बसते. मास्तरांच्या नळीचा खाचांतला व्यास ०.३५७ इंच, म्हणून ते ओतलेल्या सगळ्या गोळ्या नेमक्या मापाच्या व्हाव्यात म्हणून ०.३५७ च्या दाब-साच्यातून काढायचे. पण चक्राच्या सहाही घरांची तोंडं ०.३५८ ची होती. त्या फरकातून तापलेला वायू गोळीच्या अंगाला चाटून पुढे जायचा, शिसं वितळवायचा आणि नळीत लिंपायचा. मऊ गोळी दाबानं थोडी फुगून ती फट बुजवते. एवढी कडक गोळी साध्या .३८ च्या दाबाला फुगत नाही, म्हणून माझ्या सल्ल्यानं बिघडलं. (चक्राचं तोंड नळीपेक्षा अरुंद असलं तर गोळी तिथेच दबून बारीक होते. मग ती कितीही जाड ओता, उपयोग नाही.)

त्यांनी ०.३५८ चा दाब-साचा मागवला. धातू पुन्हा आधीचाच, मोटारीच्या चाकांना समतोलासाठी लावतात त्या जुन्या वजनांचा, त्यात थोडं कथील. तेच रिव्हॉल्व्हर, तोच हात, आणि ग्रुप दोन इंचांच्या आत. नळी चकचकीत.

कारखान्याची गोळी म्हणजे हमी, असंही नाही. १९३५ साली .३५७ मॅग्नम हे जास्त जोराचं काडतूस बाजारात आलं तेव्हा कारखान्याच्याच मऊ शिशाच्या गोळ्यांनी नळ्या शिशानं भरायच्या. उलट एल्मर कीथ हा रँचर स्वतः आखलेल्या, घरी ओतलेल्या गोळ्या .४४ मध्ये वापरायचा, आणि त्याच्याच पाठपुराव्यातून पुढे .४४ मॅग्नम आलं.

शिशाला मी निरुपद्रवी म्हणत नाही. वितळलेल्या धातूत पाण्याचा थेंब पडला तर तो उसळून तोंडावर येतो. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका कास्टरचं मनगट शिशाच्या विषानं लुळं पडलं. तो न हात धुता मशीनपाशीच डबा खायचा.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण माझी नात. ती इथे नागपुरातच १० मीटर एअर पिस्तूल मारते. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं. छर्रे शिशाचेच, आणि चांगल्या छऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापं छापलेली असतात. तरी तिच्या रेंजवरची मुलं सर्वांत महाग डबा घेतात, माप वाचतही नाहीत, आणि गोळी भलतीकडे गेली की हाताला दोष देतात. आपला लेख त्याच समजाला खतपाणी घालतो. पिस्तूल घट्ट बांधून दोन-तीन मापांचे छर्रे त्याच नळीतून मारून पाहिले तर एका सकाळीत उत्तर मिळतं. आम्ही नातीच्या पिस्तुलावर ते केलं आणि स्वस्तातला ४.४९ चा डबा ठरला. पुरवणीच्या पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती अवश्य छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टाइप-कास्टर, नागपूर