नागपूर येतं आणि तू झोपतोस?

महाल, नागपूर
श्रावण वद्य त्रयोदशी

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रायपूरला लेकीकडे जाऊन आलास, नातू रांगायला लागला, वहिनींच्या गुडघ्याला आराम आहे, सगळं वाचून जिवाला बरं वाटलं. पण मधलं एक वाक्य टोचलं. "पहाटे नागपूर आलं होतं, पण मी झोपेत होतो." अबे, नागपूर येतं आणि तू झोपतोस? यावर मी तुझ्याशी नीट भांडणार आहे. आधी घरची खबर घे.

परवा पोळा आणि तेरवा तान्हा पोळा, त्यामुळे घरात सध्या नातवाच्या लाकडी बैलाचं राज्य आहे. गेल्या वर्षी त्याचं एक शिंग मोडलं होतं, ते सुताराकडून बसवून आणलं. रंग दिला, पाठीवर झूल शिवली, गळ्यात घुंगरं बांधली. तर पोरगा म्हणतो, "आबा, त्याला चष्मा पाहिजे, तुमच्यासारखा." पुठ्ठ्याचा चष्मा केला. बैल आता फार विद्वान दिसतो. पोराने बोजाऱ्याची, म्हणजे घरोघरी मिळणाऱ्या खाऊ-पैशांची, यादीही तयार ठेवली आहे. दहा रुपये देणारी घरं आधी, फक्त चॉकलेट देणारी नंतर, आणि 'किती मोठा झाला रे' म्हणून नुसतेच गाल ओढणारी सगळ्यात शेवटी. लाकडी बैल घेऊन घरोघर फिरायची ही रीत भोसल्यांच्या काळापासूनची मानतात, पण एवढी शिस्तशीर वसुली भोसल्यांनाही जमली नसेल.

उद्या सासऱ्यांच्या वाडीवर बैलांची खांदेमळणी आहे. हळद-तूप लावून खांदे शेकायचे आणि कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याला रीतसर जेवणाचं आमंत्रण द्यायचं, आणि तेही एक दिवस आधी! इतकी सभ्य चाल दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. वाडीवर आता एकच जोडी उरली आहे, बाकी काम ट्रॅक्टरचं. ट्रॅक्टरलाही हार घालतात, पण त्याच्या कानाशी काय बोलणार?

आता मारबत. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी निघते, तुला सांगायला नको. पण मुंबईकडच्या माणसांना सांगताना तू 'पुतळ्यांची मिरवणूक' एवढंच सांगतोस असं मागे लिहिलं होतंस, म्हणून पुन्हा लिहितो. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत १८८५ पासून निघते आणि काळी तिच्याहूनही चार-पाच वर्षांनी जुनी. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, कापड आणि रंग. इतवारीच्या गल्ल्यांतून त्या निघाल्या की दोन्ही बाजूंच्या गच्च्या माणसांनी वाकतात. "रोगराई, इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" ही आरोळी ऐकली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. प्लेगच्या आणि पटकीच्या दिवसांत हे ओरडणाऱ्यांच्या घशात काय असेल, हे मनात येतं.

जुने लोक काळी मारबत म्हणजे बाकाबाई असं सांगतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी, इंग्रजांना मिळाली, म्हणून तिचा पुतळा काढायचा. लहानपणी आपणही तिच्या नावाने मनसोक्त ओरडलो. पण दिलीप, या वर्षी मी तिच्याबद्दल बराच विचार केला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची इंग्रजांशी झालेली लढाई आप्पासाहेब भोसले हरले. पुढच्या वर्षी त्यांना गादीवरून काढलं आणि एका लहान मुलाला दत्तक घेऊन तिसरे रघूजी म्हणून बसवलं. त्या पोराला सांभाळायला बाकाबाई आणि राज्य चालवायला इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स. हरलेल्या वाड्यात, पदरी लहान मूल असलेल्या बाईपुढे रस्ते तरी किती होते? पुढे १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी गेले, त्यांना मूल नव्हतं, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, दागदागिने विकायला कलकत्त्याला नेले. म्हातारपणी हे सगळं बाकाबाईने डोळ्यांनी पाहिलं. मी मारबतीला जाणार, ओरडणारही, पण रोगराईच्या नावाने. बाकाबाईच्या नावाने यंदा माझ्या तोंडून आवाज निघणार नाही. तुला काय वाटतं ते लिही.

आमच्या गल्लीतल्या पोरांचा बडग्याही, म्हणजे मारबतीसोबत काढायचा पुतळा, तयार होऊन राहिलाय. विषयावर तीन संध्याकाळी खल झाला. अर्ध्यांचं म्हणणं डेंग्यूचा डास करायचा, अर्ध्यांचं म्हणणं रस्त्यातला खड्डा. मग एकाने शंका काढली, "खड्ड्याचा पुतळा कसा कराल बे? खड्ड्यात तर काहीच नसते." सगळे गप्प. शेवटी कोपऱ्यावरच्या पानवाल्याने तोडगा दिला. स्कूटरसकट खड्ड्यात पडलेला माणूस करा, आणि त्याच्या नाकावर डास बसवा. दोन्ही पक्ष खूश. आता त्या पडलेल्या माणसाचा चेहरा आपल्यासारखा दिसतो असं समोरच्या घरच्या काकांना वाटायला लागलंय, आणि ते रोज संध्याकाळी मिश्या पुसून टाका म्हणून सांगायला येतात.

पाऊस यंदा बरा आहे. एवढंच, पावसाबद्दल जास्त काही नाही.

आता भांडण. तू झोपेत पार केलंस ते ठिकाण कसलं आहे ऐक. गेल्या आठवड्यात बाबांची पत्र्याची पेटी उघडली. वर मफलर, खाली जुनी पाकिटं. बाबा आरएमएसमध्ये, रेल्वेच्या टपालखात्यात, होते हे तुला माहीत आहेच, पण त्यांची सोनेगाव विमानतळावरची रात्रपाळी तुला आठवते का? आपण शाळेत असताना दुपारी तुमच्या घरी दंगा करायचो, कारण आमच्या घरी ते झोपलेले असायचे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपालविमानं सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास, या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही विमानं आपल्या सोनेगावला उतरायची. इथे पोत्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची पोती कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या विमानातली दिल्लीची पोती दिल्लीच्या विमानात. तास-दोन तासांत सगळी पुन्हा आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! त्याच वर्षापासून देशातली साधी पत्रंही जादा हशील न घेता विमानाने जायला लागली. विमानांत थोडे उतारूही असायचे. तेही इथे उतरून, चहा पिऊन, विमान बदलून पुढे जायचे. सत्तरच्या दशकात ही सेवा बंद झाली.

बाबा सांगायचे, सगळ्यात घाई एक ते तीनच्या मध्ये. एक विमान उशिरा आलं की बाकी तिन्ही थांबून राहत, कारण त्याच्या पोटातल्या पोत्यांशिवाय कुणालाच निघता येत नसे. डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर उभं राहून ते त्या विमानाच्या दिव्यांची वाट बघत. मला लहानपणी वाटायचं, बाबांना देशातल्या सगळ्यांची गुपितं माहीत असतील. मोठेपणी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "मी फक्त गावाचं नाव वाचत होतो." तुझा कलकत्त्याचा मामा तुझ्या आत्याला मुंबईला पत्र लिहायचा ना? ते पत्र बाबांच्या पाळीत इथूनच पार झालं असणार. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पेटीतलं काहीही मी रद्दीत जाऊ देणार नाही, घरात कुणी काही म्हणो.

रेल्वेचंही तेच. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्या स्टेशनाजवळ एकमेकांना छेदतात. तुझी गाडी त्या छेदावरून गेली तेव्हा डब्याने एक वेगळा खडखडाट केला असेल. तू घोरत असशील.

आपल्या झिरो माईलच्या जुन्या खांबावरून परवा टपरीवर केवढा वाद झाला! एक तरुण म्हणत होता, हा भारताचा मध्यबिंदू. दुसरा म्हणत होता, फाळणी झाली, मध्य कधीच सरकला. मी त्यांना नेऊन दगडच दाखवला. खांबाजवळच्या चार दगडी घोड्यांकडे सगळे बघतात, पण खरी वस्तू बाजूचा छोटा दगड आहे, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची १९०७ ची खूण. ती आहे उंचीची. मुंबई, कारवार, मद्रास अशा बंदरांवर वर्षानुवर्षं भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी ठरवली, आणि तिथून टप्प्याटप्प्याने माप आत आणत देशभर अशा खुणा केल्या. इथली उंची १०२०.१७१ फूट. म्हणजे साधारण ३११ मीटर. बघ, समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात समुद्राचा हिशोब दगडात कोरून ठेवलाय, आणि आपण तिथे शाळेची सहल म्हणून घोड्यांवर चढत होतो. खांबावर गावांची मैलांतली अंतरंही आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. दोघा पोरांनी शेवटी मिळून मला तर्री पोहे खाऊ घातले. तर्री अशी होती की वाद घालायला कुणाची जीभ जागेवर नव्हती.

पोह्यांवरून आठवलं. त्या दिवशीही आपण पोहेच खाऊन गेलो होतो, ३१ ऑक्टोबर १९८७, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान. चेतन शर्माने न्यूझीलंडचे रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केले, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. आणि मग गावसकर, अंगात ताप असताना नाबाद १०३, एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं एकमेव शतक. हिच्या भाच्याला मी सांगितलं तर त्याने मोबाईलवर तपासून बघितलं आणि मग माझ्याकडे वेगळ्याच आदराने बघायला लागला. तुझ्याकडे त्या तिकिटाचा अर्धा तुकडा होता. आहे का अजून?

तर माझं म्हणणं एवढंच आहे. रायपूरला जाताना इथे उतरायचं. तिकीट नागपूरपर्यंत एक आणि पुढचं दोन दिवसांनी दुसरं, असं काढ. पोळ्याला आता तुला जमणार नाही, पण नोव्हेंबरच्या शेवटी आंबिया बहाराची संत्री उतरतात. काटोलला आमच्या ओळखीची बाग आहे, तिथे झाडाखाली बसवून खाऊ घालतो. झाडाला ताण देतात तो प्रकार तू कधी पाहिलेला नाहीस. हिवाळ्यात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. किती दिवस तोडायचं हे बागवान पानाला हात लावून ठरवतो. नोव्हेंबर चुकला तर फेब्रुवारी-मार्चात मृग बहार आहे, म्हणजे कारण सांगायला तुला जागा नाही. मृगाचं संत्रं जास्त गोड असं माझं मत आहे, हिचं मत उलट आहे. तू खाऊन निकाल दे.

डिसेंबरात अधिवेशन असतं, गावभर गाड्याच गाड्या आणि लॉज भरलेले. तुला त्याची काळजी नको, माडीवरची खोली रिकामी आहे. वहिनींना जिना चढवणार नाही, त्यांची सोय खाली. एक दिवस रामटेक, एक दिवस नुसत्या गप्पा. रात्री पाटवडी रस्सा. सावजीचं मटण खाणार असशील तर वहिनींना आधीच सांगून ठेव, डॉक्टरचं नाव काढून ऐन वेळी अडवायचं नाही.

गाडी पहाटे येत असली तरी मी स्टेशनावर असेन. १९२५ सालची ती दगडी इमारत, तिच्या पुढच्या दारात. फक्त डबा नंबर कळव.

वहिनींना नमस्कार, नातवाला खूप खूप पापे.

तुझा,
वसंता

ता. क. : हिचा निरोप, येताना एक किलो आमसुलं आण, चांगली काळी. इथे मिळतात ती फार मिठाची असतात. आणि उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहून पाठव.