दृढीकरणानंतर हरवलेल्या आपल्या मुलामुलींसाठी आवाहन

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

कापणीच्या सणाचा हिशेब अजून पुरा व्हायचा असतानाच हे आवाहन रविवारच्या आत आपल्या हाती पडावे, असा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचा ठराव झाल्यामुळे ते घाईने लिहीत आहे. मागेपुढे झाल्यास क्षमा असावी. २०१६ साली आपल्या मंडळीत ज्या १४ मुलामुलींचे दृढीकरण (म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी) झाले, त्यांची नावे गेल्या महिन्यात मी नोंदवहीतून उतरवून घेतली आणि घरोघरी जाऊन चौकशी केली. आज नियमाने कोठल्याही उपासनेस जाणारी त्यांत तिघेच निघाली. बाकीची बहुतेक भोसरी, चाकण, रांजणगाव आणि हिंजवडी येथे नोकरीला आहेत, म्हणजे नगरहून सकाळच्या एस.टी.ने निघाले तर दुपारच्या जेवणाला गाठता येतील इतकी जवळ. आईवडिलांचे उत्तर सगळीकडे एकच होते: "कामातून वेळ मिळत नाही हो." मुलांना स्वतः विचारले तेव्हा मात्र निराळे ऐकायला मिळाले.

देव नाही असे मला एकानेही सांगितले नाही. चाकणच्या एका मुलाने सांगितले की, तिकडच्या पुष्कळ कारखान्यांप्रमाणे त्याची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि रविवारी सकाळी तो यंत्रावर उभा असतो. तीन वर्षांत मंडळीतून त्याला एकच फोन गेला, तोही वर्गणीचा. (तो फोन मीच केला होता.) एका मुलीने सांगितले की, बायबलमधील उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि विज्ञानाचे पुस्तक यांचा मेळ कसा घालायचा, असे तिने शब्बाथ शाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) विचारले होते आणि विश्वास कमी पडतो म्हणून असे प्रश्न सुचतात, असे सांगून तिला खाली बसवण्यात आले. प्रभू मरणातून उठला यावर शिष्य थोमाने शंका घेतली तेव्हा प्रभूने त्याला खाली बसवले नाही. आठ दिवसांनी पुन्हा येऊन आपले हात त्याच्यापुढे धरले. आमच्या मुलीने विचारले त्याला आठ वर्षे झाली, तिच्याकडे अजून कोणी गेलेले नाही.

तिसरे कारण लिहिताना लेखणी अडखळते, पण ते आपल्या घराघरांतले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. त्यामुळे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तरी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनीच जात राहिली, अशा कुटुंबातील मुलगा देवळाच्या (चर्चच्या) पायरीवर कोणी फोटो काढील आणि सवलत जाईल या धास्तीने येणे बंद करतो. त्याला 'पेत्रासारखा प्रभूला नाकारतोस' असे सुनावणाऱ्यांनी त्याची फी भरण्याची तयारी कधी दाखवली होती काय, एवढेच विचारून हा विषय येथे सोडतो. जिने अन्यधर्मीय मुलाशी लग्न केले तिचे नाव आपण वहीतून काढले, आणि मिळकतीच्या वादात दोन गटांनी भर उपासनेत जे शब्द वापरले ते शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलांनी ऐकले, हेही आपणांस ठाऊक आहे. काही मुले पुण्यातील गिटार-ड्रम असलेल्या नव्या मंडळ्यांत गेली आहेत. त्यांना मी हरवलेली धरीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने लिहून मराठी माणसाची उपासना त्याच्या कानाला ओळखीची केली, तेव्हा तेही नवेच होते. आपली पेटीसुद्धा परदेशातून आलेली आहे.

आपल्या मंडळीने तरुणांसाठी काहीच केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात, सुकडीवर दिवस काढणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी शब्बाथ शाळा एकही रविवार बंद पडू दिली नाही. देवळाच्या दुरुस्तीमुळे जागा नव्हती तेव्हा ती लिंबाखाली भरली आणि तिच्यातून निघालेले दोघे पुढे पाळक झाले. मिशन दवाखान्यात आयुष्य काढलेल्या आपल्या नर्सताईंनी निवृत्तीच्या पैशातून उन्हाळी शिबिरासाठी सतरंज्या, भांडी आणि पाण्याची टाकी दिली, आणि नाव कोरायला मात्र साफ नकार दिला. हेडमास्तर गुरुजींनी दहावीच्या मुलांना अंगणात कंदील लावून गणित शिकवले. त्या मुलांत आजचे आपले खजिनदारही होते, हे गुरुजी प्रत्येक सभेत सांगतात आणि खजिनदार प्रत्येक वेळी मान खाली घालतात. मुंबईला रेल्वेत असलेल्या आपल्या बंधूंनी नाताळच्या गाणी पथकासाठी ढोलकी आणि दोन झांजा पाठवल्या, त्या आजही वाजतात. भगिनी मंडळाने चकल्या आणि करंज्या विकून तीन मुलींच्या वसतिगृहाचा खर्च उचलला. या सर्वांचे ऋण लिहून फिटणारे नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

म्हणूनच गेल्या वर्षीच्या अनुभवाने मन थोडे दुखावले. तरुणांच्या कामासाठी केलेल्या आवाहनाला व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे पुष्कळ आले, पाकिटे सात आली. त्याच महिन्यात देवळाच्या नव्या फरशीसाठी मात्र दोन रविवारांत रक्कम उभी राहिली. फरशी चांगली झाली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

आता योजना. भोसरीत भाड्याची एक खोली घेऊन दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या मुलामुलींना जमवायचे, सोबत जेवायचे, आणि ज्याला जे विचारायचे आहे ते विचारू द्यायचे. उपदेश कमी आणि ऐकणे जास्त, असे पाळकसाहेबांनी स्वतः सुचवले आहे. धर्मशिक्षण घेतलेला एक कार्यकर्ता अर्धवेळ नेमावयाचा आहे. आजारपण, नोकरी सुटणे, लग्नाच्या अडचणी अशा वेळी तो त्यांच्याकडे जाईल. दाखल्याची अडचण असलेल्यांची नावे किंवा फोटो कोठेही जाणार नाहीत. वहीतून नाव काढलेल्यांनाही निमंत्रण आहे. त्याविषयी कमिटीत मतभेद झाले, पण ठराव झाला आहे.

खर्च: खोली ८,००० रुपये, मानधन १२,०००, जेवण व प्रवास ५,०००, असे महिना २५,००० व वर्षाचे ३,००,००० रुपये. जमा ६४,५००, हवेत २,३५,५०० रुपये. रोख रक्कम खजिनदारांकडे द्यावी व पावती घ्यावी. बँक खाते देवळाच्या फलकावर आहे, त्यात भरल्यास 'तरुण' असा उल्लेख करावा. भोसरी-चाकण भागात राहणाऱ्या कुटुंबांनी महिन्यातून एक गुरुवारचे जेवण दिले तरी तेवढा खर्च वाचेल. मुलांचे सध्याचे फोन नंबर घरच्यांनी माझ्याकडे द्यावेत. माझ्याजवळचे निम्मे बंद लागतात. पहिली बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सायंकाळी सात वाजता.

आपला नम्र,
सेक्रेटरी, पास्टोरेट कमिटीकरिता

ता. क. चाकणच्या मुलाला मी पुन्हा फोन केला आहे, वर्गणी मागितली नाही. पहिल्या गुरुवारी येतो म्हणाला, आणि जेवणात काय आहे ते विचारले. भगिनी मंडळाने कृपया कळवावे.