मार्चपर्यंत इथेच राहते आहे

खावडा, कच्छ
मंगळवार, रात्री साडेदहा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, जावईबुवाही छान आहेत. फोन रोज होतोच, पण फोनवर आई विचारते "जेवलीस का?" आणि बाबा म्हणतात "बरं, ठेवतो". सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून आज लॉगशीटच्या कोऱ्या पाठीवर लिहायला बसले. बाबा, कराडच्या हॉस्टेलवर तुमची पोस्टकार्डं यायची ना, "तब्येत सांभाळ, पैसे लागले तर कळव" एवढीच, ती सगळी अजून माझ्या कपाटात आहेत.

आधी मुख्य गोष्ट सांगते. इथल्या सौर प्रकल्पाच्या सबस्टेशनवर सहा आठवड्यांचं काम होतं, ते आता ३१ मार्चपर्यंत वाढलंय. साहेबांनी गुरुवारी विचारलं आणि मी हो म्हटलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर आई "ये निघून" म्हणाली असती आणि मी खरंच निघून आले असते. म्हणजे दत्तजयंतीला मी नरसोबाच्या वाडीत नसणार. पहिल्यांदाच. हे लिहिताना पेन थांबलं माझं. लग्नाच्या वर्षीसुद्धा आले होते, हळद उतरली नव्हती तरी.

आई, रागावू नकोस. नीट ऐकून घे.

काम अर्धवट टाकून येणं बरोबर नव्हतं. दोन ट्रान्सफॉर्मर चार्ज झालेत, म्हणजे त्यांच्यात वीज सोडून झालीये, दोन राहिलेत. बिघाड झाला की वीज तोडायला लावणाऱ्या रिलेचं टेस्टिंग पहिल्यापासून मी केलंय. मध्येच दुसरं कोणी आलं तर त्याला माझ्या नोंदी समजून घेण्यातच महिना जाईल. आणि बाबा, हे काम साधं नाही. सगळं उभं राहिलं की इथे ३०,००० मेगावॉट वीज होणार आहे. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट, म्हणजे पंधरा कोयना! तुम्ही लगेच म्हणाल, "सूर्य रात्री कुठे असतो?" बरोबर आहे, क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यात फरक आहेच. तरी आकडा ऐकून तुमची छाती फुगावी अशी माझी इच्छा आहे. २००५ च्या महापुरात तुम्ही तीन दिवस कुरुंदवाडच्या सबस्टेशनवरून हलला नव्हतात. मी दहावीत होते. आई रोज कंदील पुसायची आणि म्हणायची, "त्यांना तिथंच असायला पाहिजे." तेच डोक्यात धरून हो म्हटलं मी.

पहिलं चार्जिंग झालं त्या दिवसाचं सांगायचंच राहिलं. नारळ फोडला, सगळे लांब उभे राहिले, कंट्रोल रूममधून ब्रेकर दिला आणि एक मोठा हुंकार आला. मग तो हळूहळू बसला आणि एकसारखा सूर लागला. तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून ड्यूटीवर न्यायचात आणि "ऐक, बिघडला की आवाज आधी बदलतो" म्हणायचात, तेच आठवलं. मी डोळे मिटून ऐकत उभी होते. बाजूचा पोरगा विचारत होता, मॅडम, काय झालं? त्याला काय सांगू!

आणि ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधले ते मणी, आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषणारे, निळे सिलिका जेलचे. इथली हवा खारट आणि दमट, सकाळी इन्सुलेटरवर दव बसतं, मिठाची धूळ त्यात भिजते आणि बारीक चरचर ऐकू येते. त्यामुळे ब्रीदरवर फार लक्ष ठेवावं लागतं. मणी गुलाबी व्हायला लागले की मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही गुलाबी झालेले मणी घरी आणलेत, आईच्या भाकरीच्या तव्यावर भाजायला घेतलेत, ते हळूहळू निळे झाले आणि मी टाळ्या पिटल्या. आईने तो तवा दोन दिवस घासला आणि तुमच्याशी बोलली नाही. आई, खरं सांग, तुलाही ते बघायला आवडलं होतं ना? तू चुलीपाशीच उभी होतीस.

आता राहायचं. आई, तुझी सगळ्यात मोठी काळजी तीच. बाथरूमला लागून असलेली माझी वेगळी खोली आहे, पोर्टा केबिनची, पण पक्की. गरम पाणी सकाळ-संध्याकाळ येतं. आमच्या रांगेत आम्ही चार मुली आहोत आणि दारात चोवीस तास पहारा असतो. पाणी फिल्टरचं. कँटीनमध्ये बाजरीचा रोटला, खिचडी-कढी, ताक भरपूर. डाळ गोड असते, त्यात तुझा कांदालसूण मसाला अर्धा चमचा घालते. शेजारच्या मुलीलाही आता त्याची सवय लागलीये, त्यामुळे डबा अर्ध्यावर आलाय. मेतकूट अजून आहे. रात्री थंडी पडायला लागलीये, पण तुझी वाकळ आहे. कंपनीची दोन ब्लँकेटं घडी करून बाजूला ठेवलीत. वाकळीत आजीच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा आहे ना, तो मी तोंडाशी येईल अशी पांघरते. लहानपणीही असंच करायचे, आठवतं?

आता जावईबुवांचं. दिवाळीत ते इकडे आले होते हे तुम्हाला माहीतच आहे, पण फोटोंपलीकडचं काही मी सांगितलं नव्हतं. पुण्याहून भूजला आठवड्यातून एक थेट गाडी आहे, तिने आले. बॅगेत स्वतःचे कपडे दोन आणि तुम्ही दिलेल्या कवठाच्या बर्फीचे डबे तीन. पाडव्याला भूजच्या हॉटेलात औक्षण केलं. ताम्हण नव्हतं, निरांजन नव्हतं. स्टीलच्या वाटीत तेल घातलं, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या कापसाची वात वळली, सुपारीऐवजी बर्फीचा तुकडा ठेवला. वात नीट जळेना. तेव्हा हे म्हणाले, "थांब, मी हात आडवा धरतो, पंख्याचा वारा लागतोय." आपलंच औक्षण चाललेलं आणि ज्योतीला आडोसाही आपणच धरायचा! तो हात बघून मला एकदम भरून आलं.

आई, मागच्या श्रावणानंतर आम्ही दोघं घरात पाहुण्यांसारखे वागत होतो. एकमेकांना चहा विचारायचा, दिवा घालवायचा, झोपायचं. भांडण नव्हतं, पण काहीच नव्हतं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. मला इकडे पाठवायचं ठरलं तेव्हा तू म्हणालीस, "घर सोडून मन रमत नाही बाळा." तुला वाटलं मी पळतेय. थोडं खरंही असेल. त्या बंद खोलीसमोरून रोज जाणं मला जमत नव्हतं. पण इथे येऊन मी काही विसरायला बसले नाही. इथे मला झोप लागायला लागली, एवढंच.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही धोलावीरेला गेलो. खावड्याकडून आता रणातून सरळ रस्ता झालाय, दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये काळी पट्टी. दिवाळीत रण पांढरं नसतं, पावसाचं पाणी अजून असतं. लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसली. गाडी थांबवली आणि हे फोटो काढायला रस्त्यावरून खाली उतरले. जमीन वाळलेली दिसत होती. तिसऱ्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत! ओढून पाय निघाला, चप्पल नाही निघाली. मी हात धरून ओढतेय, ते म्हणतायत चप्पल नवी आहे, कोपरापर्यंत हात घालून शोधतायत, मी घसरून तिथेच बसले. मग जे हसायला लागलो ते थांबेचना. पोटात दुखेपर्यंत हसलो, आई. गाडीचा ड्रायव्हर काळजीत पडला. शेवटी हसता हसता हे रडायला लागले आणि मीही. श्रावणात दवाखान्यात ते रडले नव्हते, तुला आठवत असेल, बाबांनी किती वेळ त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. ते सगळं तिथे, त्या चिखलात, मोकळं झालं. आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. पुढे धोलावीरेत कातळात खोदलेले पाण्याचे हौद बघितले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, इतके नेटके की बाबांनी मापं घेतली असती. जावईबुवांनी अख्खं धोलावीरा प्लास्टिकच्या हिरव्या स्लीपर घालून पाहिलं.

आता आम्ही रोज रात्री अर्धा-पाऊण तास बोलतो. काय भाजी केली, तुळशीला पाणी घातलं का, गॅसवाला आला का, असलंच. पण बोलतो. मार्चचं मी आधी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "महिन्यातून एकदा मी येतो, तू हो म्हण." त्या बंद खोलीला त्यांनी पडदे लावलेत म्हणे, खिडकी रोज उघडतात. मला हे फोनवर तुला सांगता आलं नसतं.

चपलेवरून आठवलं. बाबा, आता तुमची पाळी. शेजारच्या काकूंकडून मला सगळं कळलंय. पहाटे काकड आरतीला तुम्ही घरापासून अनवाणी जाता. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? साखर असलेल्या माणसाच्या पायाला लागलेलं कळत नाही. अंगठ्याची जखम भरायला चार महिने लागले, आईने रोज ड्रेसिंग केलं. देवाला चपला चालत नाहीत हे मान्य, पण त्या देवळापाशी काढायच्या, घरापासून नाही. मऊ तळाच्या आणल्यात, त्या वापरायच्या आहेत, कपाटात ठेवायच्या नाहीत. रोज रात्री आईने बॅटरी लावून बोटांच्या बेचक्यात बघायचं आणि मला मेसेज करायचा, फक्त "पाहिलं" एवढा. उपाशीपोटीची साखर सोमवारी आणि गुरुवारी, वहीत लिहून. वाडीची बासुंदी दत्तजयंतीला एक वाटी, एकच. दादालाही मी हे सगळं कळवलंय, म्हणजे तो कोल्हापूरहून येईल तेव्हा तुम्ही त्याला गुंडाळणार नाही.

आणि आई, तू जिन्यावरून पाण्याची बादली नेतेस ते बंद. गुडघ्याचा पट्टा शोभेला नाही आणला. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, बरं वाटतंय ते गोळीमुळेच. रागावल्यासारखं लिहिलं गेलं, पण लांब असलं की तुम्ही दोघं आहात त्याहून म्हातारे दिसायला लागता, आणि मग मी अशी होते.

एक मात्र सांगायचं राखून ठेवलं होतं. मी इथेही दत्तापाशीच आहे, बाबा. खावड्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर काळा डुंगर आहे, कच्छमधली सगळ्यात उंच जागा, आणि माथ्यावर दत्तात्रेयाचं देऊळ. आरती झाली की पुजारी भात घेऊन बाहेर येतात, चौथऱ्यावर ठेवतात आणि हाका मारतात. कोल्हे येतात तो प्रसाद खायला! गोष्ट अशी सांगतात की भुकेले कोल्हे समोर आले आणि द्यायला काही नव्हतं, तेव्हा दत्ताने स्वतःचंच अंग पुढे केलं, "ले अंग" म्हणून. आपल्याकडे पायाशी चार कुत्री, इथे कोल्हे. दिवाळीत आम्ही दोघं गेलो तेव्हा एकही आला नाही. परवाच्या रविवारी मी एकटी गेले. अंधार पडता पडता झुडपातून दोन आले, एक मोठा, एक लहानसर. लहान लांबच थांबला. मोठा खाऊन बाजूला झाला तेव्हा तो पुढे आला. खाली रणाच्या कडेला मीठ धरायला लागलंय, तेवढीच पांढरी रेघ उजेडात दिसत होती. मी हात जोडले आणि तुम्हा दोघांचं नाव घेतलं, जावईबुवांचं घेतलं, आणि ज्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं त्याचंही.

मार्चनंतर तुम्हाला इकडे आणायचं फार मनात होतं, पण तेव्हा ऊन बाबांना सोसणार नाही. पुढच्या हिवाळ्यात आपण चौघं येऊ, मी सगळं बघून ठेवलंय, देवळापर्यंत गाडी जाते. संक्रांतीला मात्र मी चार दिवस येतेय, तिकीट काढलंय. आईसाठी अजरखपूरहून निळी-तांबडी शाल घेतलीये, ती तेव्हा आणीन. "कशाला खर्च" म्हणायचं नाही.

दत्तजयंतीला एक करा. जन्मकाळाच्या वेळी मला फोन लावा आणि नुसता धरून ठेवा, बोलू नका. पाळणा ऐकायचाय मला. गर्दीत रेंज गेली तर घाटाच्या पायऱ्यांवर या, तिथे लागते. बाबा, चपला घालून.

तुमची
माऊ

ता. क. शेवटचा बर्फीचा तुकडा काल संपला. दादा पुण्याला जाणार असेल तर त्याच्याबरोबर एक डबा द्या, जावईबुवा पुढच्या महिन्यात येताना घेऊन येतील. मसाल्याचाही.