फाटकी जाळी टाकायची कुठे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कासव महोत्सवाच्या निमित्ताने झालेल्या किनारा स्वच्छतेची बातमी कालच्या अंकात वाचली. ज्या विद्यार्थ्यांनी उन्हात श्रम घेतले त्यांचे कौतुकच आहे. परंतु किनारा प्लास्टिकमुक्त झाल्याने कासवांवरील संकट दूर झाले, असा जो निष्कर्ष आपल्या प्रतिनिधीने काढला आहे, तो वाचून स्वस्थ बसवेना. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री पुळणीवर येते, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि साधारण तासाभरात परत फिरते. नर तर पिल्लू असताना एकदा पाण्यात गेला की सहसा पुन्हा जमिनीवर येतच नाही. ज्या प्राण्याचे जवळजवळ सारे आयुष्य समुद्रात जाते, त्याचे संकट चार पोती बाटल्या उचलल्याने कसे दूर होईल?

गेल्या पावसाळ्यात उधाणाची भरती ओसरल्यावर आमच्या किनाऱ्यावर एक कासव पडलेले आढळले. आखूड शेपटीवरून ती मादी असल्याचे कळत होते. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला हिरव्या जाळ्याचे वेढे बसले होते आणि ते मांसात इतके रुतले होते की हाड दिसत होते. कोळीवाड्यातल्या दोघा मुलांनी कोयतीने एकेक धागा कापून तिला मोकळे केले. पण पाण्यात सोडल्यावर ती एका कुशीवर कलून तरंगतच राहिली, तिला बुडी मारता येईना. संबंधित कार्यालयाला दूरध्वनी केला, तर बऱ्याच खटपटीनंतर मिळालेले उत्तर एवढेच होते, की समुद्रात सोडून द्या. वास्तविक तरंगणारे कासव परत समुद्रात ढकलायचे नसते. आतड्यात वायू साठला असेल किंवा फुप्फुसाला संसर्ग झाला असेल तर त्याला खाली जाता येत नाही, म्हणजे खाणेही मिळवता येत नाही, आणि एखाद्या बोटीखाली सापडण्याचा धोका असतोच. त्याला सावलीत, ओल्या फडक्याखाली ठेवून उपचारासाठी न्यावे लागते. डहाणूला असे उपचार केंद्र आहे, पण ते किनारपट्टीच्या पार उत्तर टोकाला. दापोलीहून तिला तेथवर न्यायला वाहन कोण देणार? दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. ही घटना आपल्या कार्यालयाला त्याच आठवड्यात लेखी कळवली होती. तिला आपल्या अंकात दोन ओळीही मिळाल्या नाहीत, याचे दुःख अजून गेलेले नाही.

कालच्या बातमीसोबत छापलेले छायाचित्रही समुद्री कासवाचे नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले ते जमिनीवरचे कासव आहे. एवढ्या तेवढ्या गोष्टीसाठी मी पत्र लिहिले नसते, पण येथे हा फरक मुद्द्याचा आहे. चांदणी कासव भीती वाटताच डोके आणि पाय कवचात ओढून घेते. समुद्री कासवाला ते जमत नाही. पोहण्यासाठी घडलेले त्याचे लांब पाय कायम बाहेरच असतात. म्हणूनच जाळ्याचा फास मानेला किंवा खांद्याला बसतो, सुटण्याच्या धडपडीत घट्ट होत जातो, आणि हवेवर जगणारा हा प्राणी वर येता न आल्याने पाण्यातच गुदमरतो.

पोटात जाणाऱ्या प्लास्टिकचीही गत तशीच आहे. या कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. गिळलेले पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून ती सोय आहे, पण त्याच काट्यांमुळे जेलीफिश समजून गिळलेली पिशवी परत ओकता येत नाही. समुद्रात काही काळ राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्मजीव चढतात व त्याला अन्नासारखा वास येऊ लागतो, असेही समुद्री कासवांवरील प्रयोगांतून दिसले आहे. महोत्सवात टाळ्यांच्या गजरात पाण्यात सोडलेली पिल्ले पहिली काही वर्षे पृष्ठभागावरच वाहत राहतात, आणि प्रवाह जेथे शेवाळ गोळा करतात तेथेच आपला कचराही गोळा करतात.

यात माझा रोख मच्छीमारांवर नाही. 2002 पासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी ग्रामस्थांच्या साथीने कासवांच्या संरक्षणाचे जे काम उभे राहिले, ते सर्वांसमोर आहे. संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापले तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजनाही चांगली आहे. पण त्या कापलेल्या जाळ्याचे आणि दर हंगामात फाटणाऱ्या जाळ्यांचे पुढे काय करायचे? आमच्या बंदरावर ती जमा करायला एक साधे कुंपण घातलेली जागासुद्धा नाही. जे जेटीवर पडते ते पहिल्या पावसात पाण्यात जाते. नायलॉन आणि पॉलिथिन सुती जाळ्यासारखे कुजत नाही, ते मासे आणि कासवे धरतच राहते. 2021 मध्ये ओडिशात खूण केलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली होती, हे आपणच छापले होते. एवढा समुद्र पार करणाऱ्या प्राण्यासाठी प्रत्येक राज्याच्या प्रत्येक बंदरावर जाळी परत घेण्याची व्यवस्था हवी, आणि जाळ्याला वजनावर काही मोबदला मिळाला तर ती आणून देणारे हात आमच्याकडे नक्कीच आहेत.

मत्स्यव्यवसाय विभागाकडे ही जागा का होत नाही, हे आपल्या प्रतिनिधीने महोत्सव संपण्यापूर्वी विचारावे आणि मिळालेले उत्तर छापावे, ही विनंती. छायाचित्राबाबतची दुरुस्तीही उद्याच्या अंकात द्यावी. आमच्या शाळेच्या फलकावर मुलांनी ते कात्रण लावले आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी