अहो, अरे आणि 'यू'

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

पेनड्राइव्ह याच पाकिटात आहे, वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळलेला. पाकीट टाकून देण्याआधी एकदा झटकून बघा. टीव्हीच्या मागे लावू नका, उजव्या कडेला बारीक खाच आहे तिथे लावा. त्यात चार सिनेमे आहेत. चारही काळे-पांढरे आणि चारही बाबांनी आम्हाला रात्री दिवे घालवल्यावर सांगितलेले. खालच्या मराठी ओळी माझ्या. दिवाळीत आपण प्रयोग केला तेव्हा टीव्हीने सगळी जोडाक्षरं फोडली होती. 'प्रेम'चं 'प् रेम' झालं, आणि आई म्हणाली, "राहू दे, आमच्या वेळीही असंच तुटक होतं." म्हणून या खेपेला अक्षरं चित्रातच पक्की बसवलीत. मोठी केलीत आणि पिवळी, बाबांच्या मोतीबिंदूनंतरच्या डोळ्यांना सोसतील अशी.

आई, हा उद्योग खरं तर तुझ्यासाठी. बाबांनी हे सिनेमे लग्नाआधी फोर्टात नोकरीला असताना सकाळच्या खेळांना पाहिले. तुझ्या वाट्याला आली ती गोष्ट, तीही कुकरच्या शिट्ट्यांमधून. 'हाय नून'मधला गॅरी कूपर दिसतो कसा ते तुला माहीत नाही, पण त्याच्या मदतीला गावातलं कोणी आलं नाही हे मात्र पाठ आहे.

मला वाटलं होतं दोन रविवारांचं काम. गणपतीत सुरू केलं ते आत्ता संपलं. इंग्रजीने नाही अडवलं, अडवलं त्या एका 'यू'ने. त्यांना राजाला 'यू', नोकराला 'यू', बायकोला 'यू'. आपल्याला मात्र तू, तुम्ही, आपण यातलं काहीतरी ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. या पत्रातसुद्धा बघा ना, दोघांना मिळून 'तुम्ही' म्हटलं की मी सुटते. आईकडे वळले की लगेच 'तू'.

'रोमन हॉलिडे' (१९५३) मध्ये तर मी पुरती अडकले. राजकन्या रात्री तिच्या देशाच्या वकिलातीतून पळते. झोपेच्या औषधाने गुंगलेली ती एका पत्रकाराला रस्त्याकडेला सापडते. त्याला वाटतं बाई प्यायलेली आहे. तिथे 'अहो बाई, घरी जा' चाललं. त्याच्या खोलीत आल्यावर तीच पेंगत पेंगत त्याला आज्ञा देते की आता तुम्हाला जायची परवानगी आहे. खोली त्याची! सकाळी वर्तमानपत्रातल्या फोटोवरून त्याला कळतं ही कोण. आता गंमत बघा. मनात 'आपण' आलंय, पण कळलंय हे कळू द्यायचं नाही, म्हणून तोंडात 'तुम्ही'च ठेवायचं. दिवसभर रोममध्ये भटकतात, खोटारड्याचा हात तोडतं म्हणतात त्या दगडी तोंडात हात घालतात. (पत्रकार झालेल्या ग्रेगरी पेकने तिथे हात बाहीत लपवला होता, राजकन्या झालेल्या ऑड्री हेपबर्नला आधी सांगितलं नव्हतं. ती किंकाळी खरी आहे.) रात्री नदीतून भिजून बाहेर येतात, तिथे मी 'तू' केलं. गाडीतल्या निरोपातही 'तू'. आणि शेवटी पत्रकार परिषदेत, सगळ्यांच्या देखत, 'आपण'.

ती ओळ लिहिताना माझ्याच घशात आलं. पण नंतर वाटलं, मी लबाडी करतेय. इंग्रजीत शब्द बदलत नाही, तोच 'यू' राहतो. अंतर पडलंय हे ऑड्रीला नुसत्या डोळ्यांनी दाखवावं लागतं. मी ते खाली पिवळ्या अक्षरांत आयतं वाढून ठेवलं. म्हणून आई, शेवटची पाच मिनिटं खाली वाचू नकोस, तिच्याकडे बघ.

बाबा, तुम्ही युनियनवाले, तुमच्यासाठी एक गोष्ट. ही कथा डाल्टन ट्रंबोची, पण तेव्हा पडद्यावर त्याचं नाव नव्हतं. १९४७ साली कम्युनिस्ट शोधणाऱ्या अमेरिकी संसदीय समितीपुढे त्याने उत्तरं द्यायला नकार दिला, तुरुंगात गेला, काळ्या यादीत पडला. मित्राच्या नावाने कथा विकली आणि ऑस्करही मित्राच्या नावावर गेलं. ट्रंबो १९७६ मध्ये वारला. त्याचं ऑस्कर त्याच्या बायकोच्या हातात पडलं १९९३ ला.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) सोपा गेला. खटल्याचा निकाल ठरवणारे बारा पंच, एक खोली, उकाडा, आणि कोणाला कोणाचं नाव माहीत नाही, म्हणून सगळे 'तुम्ही'. चिडले की 'अरे-तुरे'. त्यात एक परदेशातून आलेला घड्याळजी आहे. त्याला एकजण विचारतो, एवढं सभ्य बोलायचं कारण काय? तो म्हणतो, तुमचं तसं न बोलण्याचं जे कारण तेच, घरचं वळण. आई, हे वाक्य तू केव्हाही कोणालाही ऐकवू शकली असतीस! हिंदीतला 'एक रुका हुआ फैसला' आपण दूरदर्शनवर पाहिलाय, त्यामुळे गोष्ट माहीत आहे. तरी बघा, खोली हळूहळू आवळत जाते. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटी खाली आणला. लेन्सही बदलत नेल्या, म्हणून भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात आणि छत दिसायला लागतं. बाबा 'त्या खोलीत मला घाम फुटला' म्हणायचे ते थिएटरच्या पंख्यांमुळे नसावं.

'सम लाइक इट हॉट' (१९५९) मध्ये 'यू'ने सोडलं तर 'आय'ने धरलं. दोन वादक गुंडांच्या भीतीने बायका बनून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. इंग्रजीत 'मी आलो' आणि 'मी आले' यात फरकच नाही! आपल्याकडे दर वाक्याला ठरवावं लागतं की हा आत्ता कोण आहे. आपल्या 'अशी ही बनवाबनवी'त लक्ष्या आणि सचिनची जी तारांबळ उडते ती मला टेबलाशी बसून करावी लागली. जॅक लेमन रात्रभर एका म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर नाचून येतो आणि हातातले खुळखुळे वाजवत सांगतो की माझं लग्न ठरलं. आपण पुरुष आहोत हे तो विसरलाय. तिथे मी त्याला 'मी हो म्हणाले' म्हणायला लावलंय. मला वाटतं दिग्दर्शक बिली वाइल्डरला आवडलं असतं. ते खुळखुळे त्यानेच दिले होते, दोन वाक्यांमध्ये प्रेक्षकांना हसायला सवड मिळावी म्हणून.

आता 'हाय नून' (१९५२). बाबा, एक हिशेब चुकता करायचाय. तुमच्या गोष्टीत शेवटी गॅरी कूपर चौकात उभा राहून गावाला सुनावतो, 'भेकडांनो, तुमच्यासाठी मी...' वगैरे. आम्ही तेव्हा पांघरुणात मुठी वळायचो. सिनेमात तो एक अक्षर बोलत नाही. छातीवरचा बिल्ला काढतो, धुळीत टाकतो आणि बायकोला घेऊन निघतो. हे भाषण कुठून आणलंत? खाली ते घालायचा मोह मला झाला होता, खोटं कशाला सांगू. पटकथा लिहिणाऱ्या कार्ल फोरमनलाही काम चालू असतानाच त्याच समितीचं बोलावणं आलं, आणि ओळखीचे लोक अंग चोरायला लागले. पुढे तो इंग्लंडला निघून गेला.

पण माझं अडलंय ते त्याच्या बायकोपाशी, एमीपाशी. सकाळी लग्न लागलंय, बाराच्या गाडीने खुनी येतोय. तिचे वडील आणि भाऊ गोळीने गेलेत, म्हणून ती म्हणते, थांबणार असशील तर मी चालले. की 'थांबणार असाल तर'? कूपर पन्नाशीचा, ग्रेस केली बाविशीची. वयाकडे बघितलं तर 'अहो'. पण आई, जन्मभर 'अहो' म्हणणारी तू, जिन्यात बाबांचा तोल गेला तेव्हा 'अरे, धर की कठडा!' ओरडली होतीस. मी खालून ऐकलं होतं. मग एमीने भीतीच्या क्षणी मान द्यावा की नाही?

शेवटी 'हाय नून' दोनदा घातलाय. एकात एमी 'तुम्ही' म्हणते, दुसऱ्यात 'तू'. सिनेमा पंचाऐंशी मिनिटांचाच आहे, दोन दुपारी लागतील. दोन्ही बघ आणि रविवारी फोनवर सांग कुठला ठेवायचा ते. बाबांना विचारू नकोस, ते भाषण देतील.

पेनड्राइव्ह काढण्याआधी टीव्ही बंद करा.

तुमची,
धाकटी