बाटलीचं झाकण

प्रिय विन्या,

परवा दुकानातून बाहेर पडल्यावर तू विचारलंस, "तोंड का पाडलंयस?" मी म्हणालो, "काही नाही." थाप होती ती. रात्री तुझा मेसेज आला, "पैसे दिले ना मी? मग?" त्या "मग?"चं उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून हे पत्र. हसू नकोस. आपल्या इतक्या वर्षांच्या दोस्तीत मी तुला दोनदा पत्र लिहिलं आणि दोन्ही वेळा तू हसलास.

झालं होतं काय, तर आपण ट्रॉली ढकलत होतो. तुला तहान लागली, तू फळीवरची सरबताची बाटली उचललीस, झाकण फिरवलंस. ती सील तुटल्याची 'कट्ट' मला अजून ऐकू येते. काउंटरपर्यंत पोचेस्तोवर बाटली रिकामी. रिकामी बाटली तू कॅशियरपुढे ठेवलीस, तिनं ती दोन बोटांनी उचलून यंत्राखालून फिरवली, बिलात आकडा आला, विषय संपला. चोरी नाही, लपवाछपवी नाही, नुकसान नाही. तुझी बाजू भक्कम आहे हे आधीच कबूल करतो.

आणि आता माझं पाप. हेच मीही केलंय, तुझ्याआधी. गेल्या वर्षी धाकटीला घेऊन सामान आणायला गेलो होतो. ती रडून थकली होती, म्हणून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली फोडून तिला दिली, उरलेली मी संपवली. त्या दुकानात आपलं आपण बिल करायचं यंत्र होतं. रिकाम्या बाटलीचा बारकोड दाखवला, यंत्र 'टुक' करून खूश झालं. मग बाटली शेजारच्या पिशवीच्या जागी ठेवली आणि लाल दिवा लागला. त्या जागेखाली वजनकाटा असतो, हे मला तेव्हा कळलं. बारकोड वाचला की यंत्राला माहीत असतं की आता पाचशे ग्रॅमच्या वर काहीतरी यायला हवं. आलं नुसतं प्लास्टिकचं कवच. मदतीला आलेली मुलगी बाटलीकडे बघते, माझ्याकडे बघते, लेकीकडे बघते. मी म्हणतो, "तिला तहान लागली होती." ती म्हणते, "हो हो, असू दे." मागे रांग. तिनं स्वतःचं कार्ड लावून यंत्र सोडवलं, आणि मला जे वाटलं त्याला शरम म्हणावं की राग, अजून ठरत नाही. यंत्राला माझा हेतू कळत नव्हता, हा राग. आणि हेतू कळण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं, ही शरम.

तुझा पहिला मुद्दा मला पाठ आहे: "हॉटेलात आपण आधी खातो, मग पैसे देतो. पेट्रोलही कित्येक ठिकाणी आधी भरतात, मग पैसे." बरोबर. पण तिथे ती रीत मालकानं घातलेली असते. हॉटेलात ताट तो तुझ्यापुढे आणून ठेवतो, तेव्हाच तो म्हणालेला असतो की खा, नंतर बघू. पेट्रोलची तर गंमत आहे. इंग्लंडात 1976 साली एक खटला झाला. एकानं टाकी भरून घेतली आणि पैसे न देता निघून गेला. कोर्ट म्हणालं, ही चोरी होत नाही, कारण टाकीत पडताक्षणी पेट्रोल त्याच्या मालकीचं झालं, आणि स्वतःच्या मालाची चोरी कशी होणार? ही फट बुजवायला 1978 मध्ये त्यांना पैसे न देता पळून जाण्याचा वेगळा गुन्हाच कायद्यात घालावा लागला.

फळीवरच्या मालाचं तसं नाही. तिथेही इंग्लंडातलाच एक निकाल आहे, 1953 चा, बूट्स या औषधवाल्या कंपनीचा. प्रश्न असा होता की गिऱ्हाइकानं बाटली उचलून टोपलीत टाकली की विक्री झाली, की गल्ल्यावर पैसे घेतल्यावर झाली? कोर्टानं गल्ल्याच्या बाजूनं कौल दिला, आणि त्यामागचं एक कारण मला फार आवडतं. उचलल्याबरोबर माल तुझा झाला असता, तर तो परत फळीवर ठेवायची मुभाच तुला राहिली नसती! दुकानात आपण दहा वस्तू उचलतो, चार परत ठेवतो. फळीपासून गल्ल्यापर्यंत तू नको म्हणू शकतोस आणि गल्ल्यावर दुकानदारही नको म्हणू शकतो. झाकण फिरवलं की ही मुभा दोघांचीही जाते, आणि ठरवलेलं असतं तुझ्या एकट्यानं. परवा माझ्या मनात जे खटकलं, ते हे होतं. पैशाचा प्रश्न नव्हताच रे.

दुकानदार कशाला नको म्हणेल, असं तू म्हणशील. कधी कंपनीनं एखादा माल सदोष म्हणून परत मागवलेला असतो, फळीवरून काढायचा राहिलेला असतो, आणि गल्ल्यावरचं यंत्र तो विकू देत नाही. एरवी कॅशियर "सॉरी, हे नाही देता येणार" म्हणते आणि बाजूला ठेवते. तू तो प्यायलेला असलास तर? कधी बारकोडच वाचला जात नाही, कधी फळीवरची किंमत एक आणि यंत्रातली दुसरी. किंवा तुझंच कार्ड चालत नाही, फोनची बॅटरी मेलेली. भरलेली बाटली असती तर "राहू द्या" म्हणून परत ठेवली असतीस. पोटातलं कुठे परत ठेवणार? त्या क्षणी तू उधारीवर आहेस, आणि ही उधारी दुकानदारानं दिलेली नाही, तूच त्याच्याकडून परस्पर घेतलेली आहेस.

ही भानगड काही फार जुनी नाही, बरं का. पूर्वी काउंटरपलीकडे दुकानदार उभा असायचा, आपण यादी द्यायची, तो माल काढून, मोजून, बांधून द्यायचा. पैसे आणि पुडा समोरासमोर हात बदलायचे. 1916 साली अमेरिकेत मेम्फिस गावात क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थानं पिगली विगली नावाचं दुकान काढलं. आत शिरा, टोपली घ्या, फळ्यांमधून फिरा, हवं ते स्वतः उचला, बाहेर पडताना पैसे द्या. या पद्धतीचं त्यानं पुढच्या वर्षी पेटंटही घेतलं. नोकरांचा पगार वाचला, माल स्वस्त देता आला, आणि माल हातात आहे पण अजून आपला नाही, अशी एक दहावीस मिनिटांची वाटचाल जन्माला आली. त्या वाटचालीत आपण एकटे असतो. सॉन्डर्सनं फिरती फाटकं लावली होती, म्हणजे विश्वास किती ठेवायचा याचा हिशेब त्यानंही केलेलाच होता.

आता सुट्ट्या मालाकडे येतो, कारण तिथे मी तुझ्यापेक्षा जास्त बरबटलेलो आहे. पाकीटबंद वस्तू निदान नगावर असते, रिकामं पाकीट दाखवलं तरी पैसे पूर्ण पडतात. वजनावर विकायच्या मालाचं तसं नाही. तोंडात टाकलेलं द्राक्ष काट्यावर कधीच चढत नाही. तिथे 'नंतर देईन' हे वाक्यच खोटं पडतं. आणि तरीही घड घेण्याआधी एक द्राक्ष मी चाखतोच. माझी बायको म्हणते, एक चाखणं ठीक, तू तीन चाखतोस. तिसऱ्यापर्यंत गोडी कळलेली असते, हे मी तिच्यापुढे कबूल करत नाही.

यावर जुन्या लोकांनी केवढा बारीक विचार केलाय, बघ. बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितलंय की शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर खा, पण भांड्यात काही घालू नकोस. उभ्या पिकात शिरलास तर हातानं कणसं खुड, पण विळा लावू नकोस. हात आणि विळा! याहून नेमकी रेघ आजच्या कुठल्या वकिलाला मारता येईल असं मला वाटत नाही. मनुस्मृतीतही आठव्या अध्यायात सवलत आहे: शिदोरी संपलेल्या वाटसरूनं परक्याच्या शेतातून दोन ऊस, दोन मुळे घेतले तर त्याला दंड नाही. फक्त तो वाटसरू द्विज असला पाहिजे. भूक सगळ्यांची सारखी, सवलत मात्र कूळ बघून.

याला हसू नकोस, कारण परवा आपल्यालाही तीच सवलत मिळाली. तू इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात चष्मा अडकवून, बाटली तोंडाला लावून निवांत फिरलास. कोपऱ्यावरच्या रखवालदारानं तुला पाहिलं आणि नजर वळवली. तूच जरा विटक्या कपड्यांत, पायात झिजलेल्या चपला घालून आला असतास, तर? तुझ्या खिशात तेवढेच पैसे आणि मनात तोच हेतू असता, तरी तुला दोन फळ्या ओलांडू दिल्या नसत्या. लहानपणी दुकानात 'हात मागे ठेव' म्हणून ज्यांना दरडावलं गेलं, ते मोठेपणीही बिल होईपर्यंत वस्तूचं टोक फाडत नाहीत. तुझ्या-माझ्यासारख्यांनाच मधेच झाकण उघडायचं सुचतं, कारण आपल्यावर कोणी संशय घेईल हे आपल्या डोक्यातही येत नाही. ही सवलत मला नको आहे. नको म्हणताना ती मी दहादा वापरून झालोय, हेही आहेच.

तुझा दुसरा मुद्दा, उघडउघड केलं तर पाप कसलं? यावर शंख आणि लिखित आठवतात का? महाभारतात, शांतिपर्वात आहेत. दोघे सख्खे भाऊ, बाहुदा नदीकाठी दोघांचे आश्रम. लिखित शंखाच्या आश्रमात गेला, भाऊ बाहेर गेलेला. झाडाला पिकलेली फळं होती, तोडली आणि निवांत खात बसला. शंख आला, विचारलं, कुठून आणलीस? लिखित हसत म्हणाला, इथूनच की. लपवलं नाही, पळाला नाही, सख्ख्या भावाचं झाड. तरी शंख म्हणतो, ही चोरी झाली, राजाकडे जा आणि शिक्षा मागून घे. सुद्युम्न राजा त्याला सोडून द्यायला तयार होता, पण लिखित ऐकेना. शेवटी त्याचे हात तोडले गेले, आणि नंतर बाहुदेत स्नान करताना ते परत आले. शिक्षा अघोरीच आहे, तिच्याबद्दल बोलत नाही. मला अडवतं ते त्याचं हसणं. तो हसला, म्हणजे 'भाऊ नाही म्हणणार नाहीच' असं त्यानं भावाच्या वतीनं ठरवून टाकलं होतं. कदाचित शंख नाही म्हणालाही नसता. पण 'घे' म्हणण्याची त्याची पाळी गेली ना! परवा कॅशियरपुढे बाटली ठेवताना तूही हसलास, विन्या. अगदी तसाच.

आता तू म्हणशील, म्हणजे माणूस तहानेनं मेला तरी चालेल? असं कोण म्हणतंय! माझ्या मावशीला मधुमेह आहे, इन्शुलिन घेते. रक्तातली साखर 70 च्या खाली गेली की लगेच 15 ग्रॅम साखर पोटात जायला हवी आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं, हे तिच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलंय. एकदा दुकानातच तिचे हात थरथरायला लागले, घाम फुटला. मी फळीवरचं फळांच्या रसाचं खोकं फोडून तिच्या हातात दिलं. तिथे विचारत बसलो असतो तर मला मूर्ख म्हणायला हवं. पण मजा बघ, तशा अवस्थेतही मावशीनं खोकं उंच धरून काउंटरकडे हात हलवला, "हे घेतलंय हं मी!" तिकडून कोणीतरी "घ्या, घ्या" म्हणालं. त्या दोन शब्दांना दोन सेकंदही लागले नाहीत.

तुला परवा तेवढं करता आलं असतं. कॅशियर चार पावलांवर होती आणि रिकामी बसली होती. मीही तुला तिथल्या तिथे बोललो नाही, गाडीत तोंड पाडून बसलो, आणि आता चार पानं लिहितोय. हे माझं नेहमीचं आहे, तुला माहीतच आहे.

येत्या रविवारी पुन्हा सामान आणायचंय, वहिनींनी यादी आत्ताच पाठवलीय. मी पाण्याची बाटली घरून भरून घेतो, दोघांना पुरेल अशी. आणि द्राक्षांच्या ढिगापाशी आलो की माझ्याकडे लक्ष ठेव. एकावर थांबलो नाही तर हात धर.

तुझा,
मुकुंद